आगोटींतील शाळेची बेगमी

वैशाख सरत आला म्हणजे अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या घरांतून एक विशेष धांदल सुरू होते. मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कांडून घेतला जातो. आमसुलें, पापड, कुरडया डब्यांत जाऊन बसतात. पडवींत सरपण रचलें जातें. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्यास टांगल्या जातात. आणि कोळीवाड्यांत सुके बोंबील, जवळा, वाकट्या घेणाऱ्यांची गर्दी उसळते. या सर्व खटाटोपास आपल्याकडे एकच शब्द आहे, तो म्हणजे आगोट. आगोट म्हणजे पावसाळ्याचें तोंड, आणि त्या तोंडावर करावयाची चार महिन्यांची बेगमी, तीहि आगोटच. पूर्वीं मृग बरसला कीं होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, खाड्या व ओढे भरून बाजाराच्या वाटा तुटत, आणि ज्या घरानें आगोट भरली नसेल त्यास शेजाऱ्याच्या दारीं जावें लागे. आतां रस्ते झाले, पूल झाले, दुकानांत बारा महिने सर्व जिन्नस मिळतात. तरीहि आगोटीची संवय सुटलेली नाहीं. ती सुटूं नये असेंच मला वाटतें.

या आगोटींतच आपल्याकडे शाळा येऊन पडते. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतें, आणि त्यानंतर जेमतेम आठवड्यानें शाळेची घंटा होते. २०२५ सालीं ती १६ जून रोजीं झाली. किनाऱ्यावरील संसाराच्या दृष्टीनें पाहिलें तर याहून अवघड आठवडा शोधूनहि सांपडणार नाहीं. १ जूनपासून निदान ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि दर्याहि खवळलेला. तेव्हां बंदी योग्यच आहे. परंतु थळ, वरसोली, राजपुरी, एकदरा, भरडखोल येथील कोळ्याच्या घरीं त्या दोन महिन्यांत रोजची मिळकत थांबते. शेतकऱ्याच्या घरीं पेरणीची घाई, बियाणें व खत यांचा खर्च. म्हणजे ज्या आठवड्यांत हात सर्वांत गुंतलेले आणि पिशवी सर्वांत हलकी, त्याच आठवड्यांत शाळा वह्या, गणवेष, छत्री आणि वेळेवर उठणारें, डोळ्यांत झोंप नसलेलें मूल मागते. म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे कीं शाळेची तयारी ही आगोटीचाच एक भाग समजून ती मे महिन्यांत करावी. आणि या तयारींतील जो भाग दुकानांत मिळत नाहीं, त्याची बेगमी आधीं करावी.

दुकानांत मिळणाऱ्या भागाविषयीं मी फार बोलणार नाहीं, कारण त्याविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचीं दुकानेंहि आहेत. दप्तराचें एकूण वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असूं नये, असा नियम महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं केला. नवें दप्तर आणल्यावर तें भरून एकदां घरच्या तराजूवर ठेवून पाहावें. पुष्कळदां रिकामें दप्तरच जड निघतें. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरीं पानें काढून एकत्र शिवलीं तर गणिताच्या कच्च्या कामास उत्तम वही होते. पादत्राणांचें मात्र एक सांगतों. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांस बूट व पायमोजे देण्याची योजना २०२३ सालीं निघाली. हेतु चांगला आहे. परंतु जुलैमधील कोकणचा पाऊस शासननिर्णय वाचून पडत नाहीं. कापडी बूट सकाळीं भिजला तर तो दुसऱ्या सकाळींहि ओलाच असतो, आणि दिवसभर ओल्या मोज्यांत राहिलेल्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ज्या शाळा दसऱ्यापर्यंत साध्या रबरी चपलेस हरकत घेत नाहींत, त्या शहाण्या म्हटल्या पाहिजेत. पुस्तकांस कव्हर घालतांना मुलाला जवळ बसवावें. स्वतःच्या हातानें ज्या पुस्तकास कागद घातला, तें पुस्तक मूल फेंकीत नाहीं.

आतां बेगमीचा पहिला जिन्नस, आणि तो म्हणजे झोंप. मे महिना हा लग्नसराईचा, पाहुण्यांचा, आंब्याफणसांचा. गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँचा पावसाळ्यासाठीं बंद होण्यापूर्वीं मुंबईचीं भावंडें येऊन राहतात, रात्रीं अंगणांत गप्पांचा फड रंगतो, आणि मुलांच्या झोंपेची वेळ अकरा, बारा अशी पुढें सरकत जाते. यांत वाईट कांहीं नाहीं. सुटी यासाठींच असते. वाईट एवढेंच होतें कीं १५ जूनच्या रात्रीं आईबापांस एकाएकीं आठवण होते आणि मुलाला नऊ वाजतां दिवा मालवून निजविण्याचा प्रयत्न होतो. झोंप हुकुमानें येत नाहीं. मूल तासन् तास कूस बदलत राहतें आणि पहिल्या दिवशीं वर्गांत पेंगत बसतें. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाच्या चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोंप हवी, असें निद्राशास्त्राच्या अमेरिकन तज्ज्ञमंडळानें २०१६ सालीं सर्व संशोधन पाहून सांगितलें आहे. आपल्याकडेहि मुलांची झोंप पुरी होत नाहीं हें ध्यानीं घेऊन फेब्रुवारी २०२४ मध्यें शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा आदेश काढला. पण शाळा नऊला भरविली म्हणून रात्रीचे अकरा हे नऊ होत नाहींत. मेच्या अखेरीपासून दर दोन दिवसांनीं पाव तास, असें हळूहळू मागें आणावें. सकाळीं उठण्याची वेळहि तशीच. घरांतील वडील माणसें त्या वेळीं टेलिव्हिजन किंवा मोबाइल चालू ठेवून मुलाला निजावयास सांगूं लागलीं तर तें निजणार नाहीं, हें सांगावयास नकोच.

दुसरा जिन्नस विद्येचा. दीर्घ सुटींत मुलें शिकलेलें विसरतात ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेंत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विषयावरील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून १९९६ सालीं दाखवून दिलें कीं उन्हाळी सुटीनंतर मूल सरासरीनें सुमारें एक महिन्याच्या शिक्षणाइतकें मागें पडतें. गणितांत अधिक, वाचनांत कमी. त्यांतील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. गणितांत श्रीमंत आणि गरीब दोन्ही घरचीं मुलें मागें गेलीं. वाचनांत मात्र ज्या घरांत पुस्तकें होतीं त्या सुस्थितींतील घरचीं मुलें मागें गेलीं नाहींत, गरीब घरचींच गेलीं. वाचनाची बेगमी घरांत असते, गणिताची कोणाच्याच घरांत नसते, असा याचा अर्थ कोणी करील. आपल्या किनाऱ्यापुरता मला तो मान्य नाहीं.

आगोट हेंच मुळीं गणित आहे. घरांत माणसें किती, तांदूळ दर दिवशीं किती शिजतो, दसऱ्यापर्यंत दिवस किती, उंदीर आणि पाहुणे यांचा वांटा किती धरावयाचा, एवढा हिशेब आजी बोटांवर करीत असे. पांचवीतल्या मुलीला तो कागदावर करावयास सांगावा. कांद्याच्या एका माळेंत किती कांदे, आठवड्यास किती लागतात, माळा किती घ्याव्या? याला उजळणी म्हणत नाहींत म्हणूनच मुलें तो आनंदानें करतात.

याहून सुंदर उदाहरण भरतीओहोटीचें आहे. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा चालत आला आहे, तो असा कीं तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची घटका निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. आणि त्यानंतर साधारण सहा तासांनीं ओहोटी. पंचांग व घड्याळ यांची ही सांगड अगदीं मिनिटास मिनिट जुळत नाहीं, परंतु व्यवहारास पुरते. आपल्या आजोबांच्या पिढीस शाळेंत पावकी, निमकी, पाउणकी पाठ करावी लागे, आणि पुढें पाउणकी ही एक निरर्थक घोकंपट्टी म्हणून हंसण्यावारी गेली. कोळ्याच्या दृष्टीनें ती निरर्थक नव्हती. अलिबागचा कुलाबा किल्ला पाण्यांत आहे. ओहोटीस तेथें पायीं जातां येतें, भरतीस नाहीं. मुलाला सांगावें, परवां अष्टमी आहे, किल्ल्यावर चालत जावयाचें तर कितीला निघावें? तो आठाची पाऊणपट सहा करील, सहांत सहा मिळवील, आणि दुपारचे बारा हें उत्तर काढील. मग दुपारीं बारा वाजतां त्याला खरोखर किनाऱ्यावर न्यावें, आणि तेथील माहितगारास विचारून, पाणी उतरलेलें पाहूनच पुढें पाऊल टाकूं द्यावें. अपूर्णांकाचा गुणाकार त्या दिवसानंतर तें मूल विसरणार नाहीं. वाळूंत उभें राहून आपलें उत्तर समुद्राकडून तपासून घेण्याची ही सोय पुण्याच्या मुलांस नाहीं, मग ते स्वतःस कांहीं म्हणवोत.

वाचनासाठीं नवीं पाठ्यपुस्तकें जूनपूर्वींच वाचून टाकावीं असा कांहीं पालकांचा आग्रह असतो. तो मला पसंत नाहीं. नव्या पुस्तकाचा वास शाळेच्या पहिल्या दिवसासाठीं राखून ठेवावा. त्याऐवजीं मागल्या वर्षाच्या भाषेच्या पुस्तकांतील आवडलेला धडा मुलानें धाकट्या भावंडास मोठ्यानें वाचून दाखवावा. वाचणाऱ्याची उजळणी होते, ऐकणाऱ्यास शाळेची गोडी लागते, आणि आईस अर्धा तास विसांवा मिळतो.

आतां मी ज्या मुलाविषयीं विशेषेंकरून बोलणार आहें, तें पहिलींत जाणारें मूल. त्याच्यासाठीं आपल्याकडे पूर्वीं एक संस्कारच होता. पाटीवर हळदकुंकू वाहून, मुलाचा हात धरून त्याच्याकडून श्रीगणेशा गिरविला जाई आणि मग त्याला वडील माणूस शाळेंत नेऊन बसवी. अक्षर ही कांहींतरी पूजनीय वस्तु आहे एवढें तरी त्याच्या मनावर त्या दिवशीं ठसे. हल्लीं त्याच्या कानांवर पहिल्यानें काय पडतें? मूल हट्ट करूं लागलें कीं आपण म्हणतों, "थांब, शाळा सुरू होऊं दे, मग बाई बघतील तुझ्याकडे!" सहा वर्षांच्या जीवास आपण शाळेचा परिचय करून देतों तो असा, पोलिसांच्या आणि बागुलबुवाच्या पंक्तीस बसवून. आणि मग तेंच मूल पहिल्या दिवशीं दाराशीं आईचा पदर सोडीत नाहीं म्हणून आपणच लाजतों. माझ्या मतें हा एक वाक्प्रचार मे महिन्यापुरता जरी घरांतून हद्दपार झाला, तरी अर्धी तयारी झाली असें समजावें.

या वयाच्या मुलांची तयारी कशी व्हावी याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रानें २०२२ सालीं केला. त्याचें कारण दुःखद होतें. मार्च २०२० मध्यें कोविडच्या साथीमुळें शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या. आपल्या जिल्ह्यावर त्यांतच ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोसळलें. श्रीवर्धनच्या पोफळीच्या आणि मुरूड-अलिबागकडच्या नारळांच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, शाळांचीं छपरें गेलीं, आणि कित्येक गांवांत वीज परत येण्यास आठवडे लागले. बाकीच्या राज्यांत शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागली होती, तेव्हां आपल्या येथील मुलें ओलीं पुस्तकें उन्हांत पसरून एकेक पान सोडवीत होतीं. ज्या मुलाचें नांव जून २०२० मध्यें पहिलींत घातलें गेलें, तें खेड्यांतील वर्गांत प्रत्यक्ष बसलें १ डिसेंबर २०२१ रोजीं, आणि त्या दिवशीं तें दुसरींत होतें! त्याच्या मागून येणारीं मुलें तर अंगणवाडीहि न पाहतां शाळेच्या दारांत उभीं होतीं.

त्यांच्यासाठीं २०२२ सालीं शाळापूर्व तयारीचें अभियान निघालें. त्यास "पहिलें पाऊल" असें नांव होतें. उन्हाळ्यांत गांवोगांवच्या जिल्हा परिषद शाळांत मेळावे भरले. दाखल होणाऱ्या मुलांनीं तेथें उड्या मारल्या, चेंडू झेलले, रंग व आकार निवडून वेगळे केले, चित्र पाहून दोन वाक्यें बोलून दाखविलीं, कमी कोणतें आणि जास्त कोणतें तें सांगितलें. परीक्षा ती नव्हती. मुलास काय येतें व काय येत नाहीं हें त्याच्या आईस तिच्या डोळ्यांनीं दिसावें, हा हेतु होता. मग गांवांतल्या आयांचे लहान गट करून त्यांच्या हातीं रोज घरीं करावयाचे साधे खेळ दिले, आणि शाळा उघडतांना पुन्हां एक मेळावा घेऊन मूल किती पुढें आलें तें पाहिलें. भाजी निवडतांना लहानमोठीं पानें वेगळीं करणें, धुतलेले कपडे घडी करतांना जोड्या लावणें, घरांतल्या ताटवाट्या मोजून मांडणें, अशाच प्रकारचे ते उद्योग. ज्या आयांनीं स्वतः चौथीपुढें शाळा पाहिली नव्हती त्यांसहि ते करतां आले, याचें महत्त्व मला सर्वांत अधिक वाटतें.

अर्थात् ही कल्पना महाराष्ट्रास परकी नव्हती. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, तेव्हां त्यांच्यापुढें हाच प्रश्न होता. माँटेसरीबाईंचीं महाग साधनें खेड्यांत आणावयाचीं कोठून? त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शिंपले, बिया, खडे, पानें हींच साधनें केलीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या वस्तीच्या अंगणांत नेली. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आपल्या रायगडच्या वाळूंतहि शिंपल्यांस तोटा नाहीं. दहा शिंपल्यांची एक ओंजळ आणि तिचे दोन ढीग कितीं प्रकारांनीं करतां येतात हा खेळ, याहून चांगलें बेरजेचें पुस्तक पांच वर्षांच्या मुलास मी सुचवूं शकत नाहीं.

पहिलींतल्या मुलाची आणखी एक अडचण आहे, आणि ती शिकलेल्या घरांच्या सहसा ध्यानीं येत नाहीं. ती भाषेची. आपल्या किनाऱ्यावरील आगरी आणि कोळी घरांतून बोलली जाणारी मराठी ही पुस्तकांतल्या मराठीहून निराळी आहे. तिच्यांत ण आणि ळ हे उच्चार बहुधा न आणि ल असे होतात, ड च्या जागीं र येतो. तेथलें मूल "पानी" पितें, "शाला"स जातें, "गारी" पाहतें आणि "मना दे" म्हणतें. तें वर्गांत पहिल्या दिवशीं तोंड उघडतें, शेजारचीं चार मुलें खुदकन् हंसतात, आणि तोंड मिटतें. कित्येकदां तें दिवाळीपर्यंत मिटलेलें राहतें. मास्तर म्हणतात मूल अबोल आहे. घरीं विचारा, तें क्षणभर गप्प बसत नाहीं! त्या हंसणाऱ्या चार मुलांत आपलें मूल आहे कीं नाहीं, हें आपणांस पाहिलें पाहिजे. हंसणें मूल घरीं शिकतें. कामास येणाऱ्या बाईच्या बोलण्याची नक्कल करून आपण जेवतांना करमणूक करीत असूं, तर वर्गांतल्या त्या हंसण्यास जबाबदार कोण?

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेंतून शिकवावें असें सांगतो, आणि २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणहि निदान पांचवीपर्यंत तसाच आग्रह धरतें. कायद्यांतील मातृभाषा म्हणजे मराठी, एवढ्यावर आपण समाधान मानतों. परंतु त्या मुलाच्या कानीं पाळण्यापासून जी पडली ती मराठी आगरी होती. चांगला शिक्षक "पानी" हा शब्द खोडीत नाहीं. तो ऐकून घेतो, त्याच्याशेजारीं फळ्यावर "पाणी" लिहितो, आणि दोन्ही शब्द वर्गांत नांदूं देतो. पुस्तकी भाषा मुलास आली पाहिजे, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. तिच्याशिवाय पुढचीं दारें उघडत नाहींत. ती यावी ती मात्र घरच्या भाषेची लाज न वाटतां.

श्रोतेहो, येथवर मी आपल्या घरच्या मुलांविषयीं बोललों. आगोटीचा एक दंडक असाहि होता कीं भरलेल्या घरानें शेजारच्या रिकाम्या घराकडे नजर टाकावी. शाळेच्या आगोटींतहि तो पाळावयास हवा. रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, मुलेंबाळें घेऊन. पाऊस जवळ आला कीं भट्ट्या विझतात आणि तीं वाडीवर परततात. म्हणजे आपलें मूल सुटींत एक महिना मागें पडलें म्हणून आपण चिंता करतों, तेव्हां कातकऱ्याचें मूल मागील वर्षाचा अर्धा भाग गमावून जूनमध्यें उभें असतें. अशा स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं शिक्षण हमी पत्रकाची सोय शासनानें केलेली आहे. जेथें मूल जाईल तेथील शाळेनें तें पाहून त्यास बसवून घ्यावें, अशी ती योजना. पण पत्रक हातीं असणें वेगळें आणि भट्टीजवळ शाळा असणें वेगळें.

येथें सुशिक्षित माणसाच्या उपयोगीं पडणारी गोष्ट म्हणजे कायद्याची नेमकी माहिती. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या त्या कायद्याप्रमाणें वयाचा दाखला नाहीं म्हणून कोणत्याहि मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं. आधींच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, हेंहि कारण चालत नाहीं. कधींच शाळेंत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीस पहिलींत नव्हे, तिच्या वयाच्या वर्गांत बसवावें लागतें, आणि मागचें शिकून काढण्यासाठीं तिला विशेष शिकवणीचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकें विनामूल्य मिळतात, दुपारचें जेवण मिळतें. हें सर्व वाडीवरच्या आईबापांस ठाऊक असेल असें धरून चालूं नये. शाळेच्या कचेरींतल्या टेबलापुढें तीं उभीं राहतात तेव्हां "कागद आणा" एवढे दोन शब्द त्यांस परत पाठविण्यास पुरतात. आपल्याकडे कामास येणाऱ्या माणसास, मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीस, वाडींत नारळ पाडावयास येणाऱ्या गड्यास जूनच्या पहिल्या आठवड्यांत एवढें विचारावें, "पोरांचीं नांवें घातलीं का? पोर कितवींत गेलें?" आणि अडलें असेल तर आपण एक तास काढून त्यांच्याबरोबर त्या टेबलापर्यंत जावें. जुने कपडे आणि अर्ध्या वापरलेल्या वह्या देण्यापेक्षां याचा उपयोग अधिक होतो. द्यावयाचीच असली तर एक धड छत्री द्यावी. जूनमध्यें छत्री नसणें हें गैरहजेरीचें फार मोठें आणि कोणीहि पटावर न लिहिलेलें कारण आहे.

शाळा सुरू झाल्यावरचा पहिला पंधरवडा तर फारच नाजूक. या दिवसांत मूल घरीं आलें कीं "आज काय शिकविलें?" असें आपण विचारतों, आणि तें "कांहीं नाहीं" म्हणून मोकळें होतें. त्यास दोषहि देतां येत नाहीं. प्रश्न तपासनिसाचा आहे. त्याऐवजीं शेजारीं कोण बसलें होतें, डब्यांतलें कोणाला दिलें, छपराचा आवाज पावसांत केवढा येतो, असें विचारावें. शेजारीं बसणाऱ्याचें नांव जें मूल आठ दिवसांत सांगूं शकत नाहीं, त्याच्याविषयीं बाईंशीं जाऊन बोलावें. जे पालक सहामाहींतील गुण कमी आल्यावर शाळेंत जातात, त्यांनीं जूनमध्यें एकदां गुण नसतांना जाऊन पाहावें. शिक्षकांसहि तें बरें वाटतें.

जुलै लागला कीं भाताची लावणी येते, आणि वर्गांतील बांक रिकामे दिसूं लागतात. मोठीं मुलें आवणांत रोपें पोंचवितात, मुली धाकट्या भावंडांस सांभाळतात. ज्या शाळेंतील शिक्षक गांव ओळखतो तो या दिवसांत रागावत नाहीं. तो नवा धडा आठ दिवस थांबवितो, आलेल्या मुलांकडून जुन्याची उजळणी करून घेतो, आणि लावणी उरकली कीं घरोघर जाऊन मुलें गोळा करून आणतो. त्याच सुमारास नारळी पौर्णिमेच्या तयारीस कोळीवाडा लागलेला असतो, होड्यांस रंग चढत असतो. बंदी उठून पहिल्या नौका समुद्रांत गेल्या कीं बंदरावरची कामें पुन्हां सुरू होतात आणि आठवी-नववींतल्या मुलास हातीं पैसा दिसूं लागतो. त्या पंधरवड्यांत जो मुलगा सलग तीन दिवस दिसला नाहीं, त्याच्या घरीं चौथ्या दिवशीं सकाळीं, नौका परत येण्याच्या वेळेस, कोणीतरी जाऊन यावें. त्या वेळीं बाप धक्क्यावर भेटतो.